लढाईच्या दिवसांतला फुटबॉल

शेंद्र्याच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसकडे धावणाऱ्या आपल्यातही कितीतरी जणी आहेत. आजची गोष्ट अशाच कारखान्यात राबणाऱ्या बायकांपर्यंत जाणार आहे. सुरुवात मात्र मुंबईच्या कूपरेज मैदानावरून करू.

1939 साली दुसरं महायुद्ध सुरू झालं. तरणी पोरं फौजेत गेली, पुढे मुंबईत धान्य रेशनवर आलं. अशा दिवसांत फुटबॉलच्या स्पर्धा कशा व्हायच्या? काही थांबल्याच. ड्युरँड चषक 1940 साली दिल्लीत झाला, त्यानंतर थेट 1950 मध्ये. संतोष ट्रॉफी 1941 साली सुरू झाली आणि पुढची दोन वर्षं बंद राहिली. मुंबईचा रोव्हर्स चषक मात्र लढाईतही चालूच राहिला.

तो कोणी जिंकला ते पाहा. 1940 मध्ये कलकत्त्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग. 1941 मध्ये वेल्च रेजिमेंट, म्हणजे गोरी पलटण. 1942 मध्ये बाटा, चपला-बुटांच्या कारखान्याचा संघ! 1943 मध्ये रॉयल एअर फोर्स आणि 1945 मध्ये मिलिटरी पोलीस. जे लोक त्या वेळी हाताशी होते, त्यांनीच खेळ चालू ठेवला : सैनिकांनी, पोलिसांनी, कामगारांनी.

आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी 1943 साली, ऐन युद्धात, बंगळूरला रॉयल एअर फोर्सच्या संघाला हरवून ॲश गोल्ड कप जिंकला. पुढे याच संघाने 1950 ते 1954 असा सलग पाच वेळा रोव्हर्स चषक नेला. युद्धाच्या काळात खेळायला मिळालं, त्याचा पुढे असा उपयोग झाला.

या सगळ्या यादीत बाई कुठेच नाही. ती सापडते त्याच्या पंचवीस वर्षं आधी, पहिल्या महायुद्धातल्या इंग्लंडमध्ये. तिथे 1915 नंतर पुरुषांच्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा थांबल्या. पुरुष आघाडीवर गेले आणि त्यांच्या जागी बायका कारखान्यात तोफगोळे बनवू लागल्या. प्रेस्टन गावातल्या डिक-कर कारखान्यातल्या मुली जेवणाच्या सुट्टीत आवारात चेंडू खेळायच्या. 1917 च्या नाताळच्या दिवशी त्यांनी जखमी सैनिकांच्या दवाखान्यासाठी सामना केला. दहा हजार माणसं तिकीट काढून आली. ईशान्य इंग्लंडमध्ये तर दारूगोळ्याच्या कामावरच्या मुलींसाठी खास चषकच ठेवला होता. 1918 साली ब्लाइथ या बंदरगावच्या मुलींनी तो 5-0 ने जिंकला. त्यातले तीन गोल एकट्या बेला रे हिचे.

युद्ध संपलं. पुरुष परत आले, बायकांना कारखान्यातून घरी पाठवलं. तरी डिक-करच्या मुली खेळतच राहिल्या. 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलमध्ये त्यांचा सामना पाहायला 53 हजार लोक आले. वर्षभरातच, 5 डिसेंबर 1921 ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठरवलं की हा खेळ बायकांना शोभत नाही, तेव्हा आपल्या क्लबांनी त्यांना मैदान द्यायचं नाही. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली.

बघा, तोफगोळे उचलताना बाईचं शरीर नाजूक नव्हतं. दवाखान्यासाठी पैसे जमवताना तिचा खेळ चालत होता. गरज सरली आणि मग शोभा आठवली. आपल्याकडेही अडचणीत बाई नांगर धरते, दुकान सांभाळते, रात्रपाळी करते. घडी बसली की तिलाच विचारतात, आता कशाला?

30 ऑक्टोबर 2022 ला आपल्या नवी मुंबईत 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवलं. इथवर यायला शंभर वर्षं लागली. म्हणून एवढंच सांगते : संध्याकाळी पोरगी चेंडू घेऊन बाहेर निघाली, तर तिला भांड्यांसाठी परत हाक मारू नका. भांडी भावालाही घासता येतात.