भिकू म्हात्रेपर्यंतची वाट

हिंदी पडद्यावरच्या मुंबईच्या गुंडाला मराठी आडनाव मिळायला जवळपास अर्धशतक लागले. 3 जुलै 1998 रोजी राम गोपाल वर्मा यांचा 'सत्या' प्रदर्शित झाला. पहिल्या दिवसांत गर्दी बेताचीच होती, मग ज्यांनी पाहिला त्यांनी दुसऱ्यांना पाठवले आणि चित्रपट चढत गेला. नायकाची भूमिका करणारा जे. डी. चक्रवर्ती हिंदी प्रेक्षकाला फारसा ठाऊक नव्हता, पण चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या तोंडी नाव नायकाचे नव्हतेच. ते होते भिकू म्हात्रेचे. समुद्रकाठच्या खडकावर उभे राहून, खाली पसरलेल्या शहराला उद्देशून आपणच या मुंबईचे राजे आहोत असे ओरडून सांगणारा हा टोळीवाला, घरी बायकोने फैलावर घेतले की पार निरुत्तर होणारा. असा माणूस हिंदी सिनेमात एकाएकी उगवला असे तेव्हा अनेकांना वाटले. प्रत्यक्षात तो बराच दुरून चालत आला होता. त्याची वाट आपण उलट्या बाजूने, म्हणजे अगदी आरंभापासून पाहू.

आरंभ म्हणून 1943 सालचा 'किस्मत' घ्यावा लागतो. बॉम्बे टॉकीजसाठी ज्ञान मुखर्जी यांनी तो दिग्दर्शित केला. त्यातला अशोककुमार पाकीटमार आहे, तुरुंगातून सुटून आलेला आहे, तरीही नायक आहे. कोलकात्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. चोराच्या बाजूने उभे राहायला प्रेक्षक तयार आहे, हे या यशाने निर्मात्यांना शिकवले. पुढे 1951 साली दोन चित्रपट आले. बलराज साहनींनी लिहिलेल्या 'बाजी'मधून गुरुदत्त दिग्दर्शक झाले आणि देव आनंद जुगारी झाला. राज कपूरच्या 'आवारा'त के. एन. सिंग यांचा जग्गा डाकू न्यायाधीशाच्या मुलाला गुन्हेगार करून दाखवतो. या सगळ्या गुन्हेगारांत एक साम्य आहे. ते कोणत्याही शहरात राहू शकले असते. त्यांना आळी नाही, बोली नाही, जात-गाव नाही, आणि शेवटच्या रिळापर्यंत त्यांचे मन शुद्ध निघते.

पडद्याबाहेर मात्र याच काळात मुंबईत खरी टोळी आकार घेत होती, आणि तिला जन्म देणाऱ्या दोन सरकारी निर्णयांशी एकाच माणसाचे नाव जोडलेले आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या वेळी मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. तेच पुढे केंद्रात अर्थमंत्री असताना, चीन युद्धाच्या सुमारास, सुवर्ण नियंत्रण आले. दारूबंदीने हातभट्टीला गिऱ्हाईक दिले, सुवर्ण नियंत्रणाने गोदीत उतरणाऱ्या चोरट्या सोन्याला. दोन्हींमागचा हेतू स्वच्छ होता, याबद्दल मला शंका नाही. पण बोरीबंदर स्थानकावर हमाली करणारा वरदराजन मुदलियार भट्टीच्या धंद्यातून मोठा झाला आणि गोदीत कुली म्हणून लागलेला मस्तान मिर्झा सोन्याच्या तस्करीतून हाजी मस्तान झाला. तिकडे गिरणगावात रोजच्या आकड्यावर मटका लागू लागला. दारू, सोने आणि आकडा या तीन पायांवर मुंबईचे गुन्हेगारी जग उभे राहिले आणि हिंदी सिनेमाला त्याची दखल घ्यायला आणखी दहा-बारा वर्षे लागली.

ती दखल 1975 च्या जानेवारीत 'दीवार'ने घेतली. यश चोप्रांचे दिग्दर्शन, सलीम-जावेद यांचे लेखन. कथेचा सांगाडा 'मदर इंडिया' (1957) आणि 'गंगा जमुना' (1961) यांच्याकडून आलेला: एक आई, दोन मुलगे, एक कायद्याच्या बाजूला आणि एक पलीकडे. सलीम-जावेद यांनी हा सांगाडा खेड्यातून उचलून मुंबईच्या गोदीत आणून ठेवला आणि त्यावर मस्तानच्या आयुष्याची सावली टाकली. गोदीतल्या हमालांकडून हप्ता गोळा होतो, एक नवखा हमाल तो द्यायला नकार देतो, आणि तिथून विजय वर्मा तस्करांच्या दुनियेत शिरतो. त्याच्या छातीशी 786 क्रमांकाचा कुलीचा बिल्ला असतो, हातावर लहानपणी लोकांनी गोंदलेले अपमानाचे शब्द. आजही 'दीवार' पाहताना जाणवते की हा माणूस रागाचा आहे, पैशाचा नाही. त्याच वर्षी फिरोज खान यांच्या 'धर्मात्मा'मध्ये प्रेमनाथ यांनी उभा केलेला मटकाकिंग रतन खत्रीवर बेतलेला असल्याचे तेव्हा सगळी मुंबई बोलत होती. आणीबाणीत खऱ्या तस्करांची धरपकड झाली आणि पडद्यावरचा तस्कर मात्र फुगतच गेला. 1980 च्या 'शान'मधल्या शाकालपर्यंत तो बेटावर राहू लागला, मगरी पाळू लागला. ही फांदी इथेच सोडून देऊ, कारण तिला पुढे फळ आले नाही.

खरे वळण मराठी लेखणीतून आले, आणि हिंदी सिनेमाचा इतिहास सांगताना ते पुरेशा ठसठशीतपणे सांगितले जात नाही, याचे मला वाईट वाटते. जयवंत दळवींची 'चक्र' आणि भाऊ पाध्येंची 'वासूनाका' या साठच्या दशकातल्या कादंबऱ्या. नाक्यावरची पोरे, झोपडपट्टीतला हातभट्टीवाला, त्यांची भाषा, त्यांची भूक हे सगळे मराठी वाचकाच्या घरात तेव्हाच येऊन बसले होते. 'वासूनाका'वर तर अश्लीलतेचे गदारोळ झाले. ही दृष्टी पडद्यावर ठसठशीतपणे पोचली 1983 साली, 'अर्धसत्य'मधून. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचे. ओम पुरींचा फौजदार अनंत वेलणकर आणि समोर अहमदनगरच्या रंगभूमीवरून आलेले सदाशिव अमरापूरकर, रामा शेट्टीच्या भूमिकेत. हा रामा शेट्टी आवाज चढवत नाही. त्याच्या घरात मगरी नाहीत. तो महानगरपालिकेची निवडणूक लढवतो. गुंड आणि लोकप्रतिनिधी यांच्यातला उंबरठा किती झिजला आहे, हे हिंदी प्रेक्षकाने पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिले. वर्मांनी आपल्या चित्रपटाचे नाव 'सत्या' ठेवले त्यात 'अर्धसत्य'ला केलेला नमस्कार होता, हे त्यांनीच पुढे सांगितले. 'सत्या'तला भाऊ ठाकूरदास झावळे निवडणुकीला उभा राहतो तेव्हा रामा शेट्टीची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

'अर्धसत्य' येण्याच्या दीड वर्ष आधी, 18 जानेवारी 1982 रोजी, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुसंख्य पुन्हा कधीच आत गेले नाहीत. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. लालबाग, परळ, भायखळ्याच्या चाळींत वडील घरी बसले आणि मुलगे नाक्यावर उभे राहिले. त्या मुलांना कामाला लावणाऱ्या टोळ्या गिरणगावातच होत्या. संपापूर्वीही या भागात गुंड होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आधी टोळीला पोरे शोधावी लागत, नंतर पोरे टोळीला शोधू लागली.

या नाक्याचा पहिला हिंदी चित्रपट एन. चंद्रांचा 'अंकुश', 1986 सालचा. चंद्रा हे गुलजार यांच्याकडे उमेदवारी केलेले, आणि गुलजार यांनी 1971 मध्ये 'मेरे अपने' हा बेकार तरुणांच्या टोळ्यांवरचा चित्रपट केला होता, तोही तपन सिन्हांच्या 'आपनजन' या 1968 च्या बंगाली चित्रपटावरून. म्हणजे कोलकात्याच्या गल्लीतला अस्वस्थ तरुण गुलजारांमार्फत मुंबईच्या नाक्यावर आला, नाना पाटेकर झाला, आणि बारा वर्षांनी त्याच गुलजारांनी 'सत्या'ची गाणी लिहिली. इतका लांब धागा न तुटता हाती लागतो, याचा आनंद मोठा आहे.

पुढची पाच वर्षे घाईची आहेत. 1987 मध्ये मणिरत्नम यांनी तमिळमध्ये वरदराजनच्या आयुष्यावरून 'नायकन' केला, पुढच्याच वर्षी त्याचा हिंदीत 'दयावान' झाला. 1989 च्या नोव्हेंबरात विधू विनोद चोप्रांचा 'परिंदा' आला. दादरच्या कबुतरखान्यात भरदिवसा गोळ्या सुटतात, सगळी कबुतरे एकदम उडतात आणि त्या फडफडाटात एक माणूस कोसळतो. रेणू सलुजांच्या संकलनाला त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो या एका प्रसंगासाठीही मिळायला हवा होता. नाना पाटेकरांचा अण्णा आगीला घाबरतो. आपल्याच बायकामुलाला त्याने जाळले आहे. इथे गुंडाला पहिल्यांदा मानसिक व्याधी आली. मग 1990 मध्ये मुकुल आनंद यांचा 'अग्निपथ'. आपल्या दृष्टीने त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'दीवार'मधला विजय वर्मा इथे विजय दीनानाथ चव्हाण झाला, अलिबागजवळच्या मांडव्याचा. अमिताभ बच्चन यांनी त्यासाठी बदललेला आवाज लोकांना चित्रपटगृहाच्या ध्वनियंत्रणेतला बिघाड वाटला आणि तो पुन्हा मुद्रित करावा लागला. चित्रपट पडला, अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मात्र त्यांना मिळाला. आडनाव मराठी झाले होते, पण माणूस अजूनही अमिताभच होता, सहा फुटांचा, पांढऱ्या सुटातला, कोणालाही न घाबरणारा.

मग शहरच बदलले. 1992-93 च्या दंगली, 12 मार्च 1993 चे बॉम्बस्फोट आणि त्यांत गेलेले 257 जीव, धर्माच्या रेषेवर फुटलेल्या टोळ्या. 1997 ची सुरुवातच 16 जानेवारीला पवईत झालेल्या दत्ता सामंतांच्या खुनाने झाली. त्याच वर्षी 12 ऑगस्टला अंधेरीत गुलशनकुमार यांना देवळाबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. मरणारा सकाळी काय करत होता हे सगळे सांगत होते. वर्मांच्या मनात, त्यांनीच पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, मारणाऱ्याची सकाळ कशी गेली असेल हा प्रश्न आला. तो किती वाजता उठला, न्याहारी करून गेला की आल्यावर केली? 'सत्या' या प्रश्नातून उभा राहिला.

विशेष हे की मुंबईचा हा सर्वांत मुंबईकर चित्रपट बाहेरून आलेल्यांनी घडवला. वर्मा आंध्रचे, तेलुगूतला 'शिवा' करून आलेले. लेखक अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला उत्तरेकडचे. भिकू झालेले मनोज वाजपेयी बिहारच्या चंपारणचे. छायालेखकांपैकी जेरार्ड हूपर तर अमेरिकन. मुंबईत जन्मलेल्याला जे दिसेनासे होते ते या मंडळींना दिसले: पावसात वास मारणाऱ्या भिंती, एका खोलीतला गोठ्यासारखा दाटलेला संसार, म्हशींचे तबेले, विठ्ठल मांजरेकर किंवा वकील मुळे अशी नावे. प्रसंगही तसेच. भिकूची बायको प्यारी, म्हणजे शेफाली शहा, त्याच्याशी भांडते तेव्हा टोळीचा म्होरक्या भांडणात हरतो. निवडणूक जिंकल्यावर भाऊ आपल्या माणसांना घरी बोलावतो, आनंदाच्या भरात असतानाच भिकूला गोळी घालतो. मृत्यूला ना संवाद मिळतो ना संगीत. आणि सूड घेतला जातो तो चौपाटीवर, गणेशविसर्जनाच्या गर्दीत. मराठी प्रेक्षकाला त्या गुलालात आपलीच माणसे दिसत होती.

स्वागत दुहेरी झाले. वाजपेयींना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, समीक्षकांनी डोक्यावर घेतले, आणि त्याच वेळी गुंडाला इतके लोभस दाखवावे का, हा प्रश्नही विचारला गेला. तो प्रश्न मला रास्त वाटतो, पण माझा आक्षेप वेगळा आहे. तोवर हिंदी सिनेमात मराठी माणूस बहुधा हवालदार असे किंवा धुणीभांडी करणारी बाई असे. भिकूने त्याला मध्यभागी आणले, तेही पिस्तूल हातात देऊन. सत्या कुठून आला हे चित्रपट मुद्दाम सांगत नाही, ते नायकापुरते ठीक. भिकू कुठल्या चाळीतला, त्याचा बाप काय करत होता, हेही तो विचारत नाही. आडनाव दिले आणि त्यामागचा गिरणीचा बंद पडलेला भोंगा वगळला.

ती उणीव पुढच्याच वर्षी एका मराठी दिग्दर्शकाने थोडीफार भरून काढली. महेश मांजरेकरांच्या 'वास्तव'मध्ये (1999) रघुनाथ नामदेव शिवलकर पावभाजीची गाडी लावतो आणि गाडीवरच्या भांडणातून खुनी होतो. त्याला घर आहे, शिवाजी साटमांसारखा थकलेला बाप आहे, आणि रीमा लागूंसारखी आई आहे. शेवटी तीच त्याला गोळी घालते. 'मदर इंडिया'त नर्गिसने पडद्यावर मुलाला गोळी घातली, तो मुलगा सुनील दत्त होता. बेचाळीस वर्षांनी त्या दोघांचाच मुलगा संजय दत्त दुसऱ्या एका आईच्या गोळीने पडला. हिंदी सिनेमाच्या वंशावळीत इतका काटेकोर दुवा दुसरा सापडणे कठीण. याच मांजरेकरांनी 2010 साली जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून 'लालबाग परळ' केला आणि गिरणी, संप, चाळ, टोळी हा क्रम अखेर एकत्र मांडला.

'सत्या'ची स्वतःची संतती इतर दिशांना गेली. वर्मांनी 2002 मध्ये 'कंपनी' केला, टोळी ही कचेरीसारखी कशी चालते हे दाखवत. कश्यप यांचा स्फोटांच्या तपासावरचा 'ब्लॅक फ्रायडे' खटला चालू असल्याने न्यायालयात अडकला आणि 2007 च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. आणि 2012 मध्ये त्यांनी 'गँग्स ऑफ वासेपूर' दोन भागांत आणला. पाच तासांहून मोठ्या या कथेत धनबादच्या कोळशाच्या खाणी आहेत, तीन पिढ्यांचे वैर आहे आणि सरदार खानच्या भूमिकेत पुन्हा मनोज वाजपेयी. मुंबईच्या गुंडाला ज्याने चेहरा दिला, तो नट आपल्या मुलुखाजवळच्या गुंडाकडे परतला. तेव्हापासून हिंदीतल्या टोळ्यांची कथा धनबाद, मिर्झापूर अशी उत्तरेत सरकली आहे आणि मुंबईची टोळी पुष्कळदा जुन्या काळाचे कपडे घालून, सत्तर-ऐंशीच्या दशकाची गोष्ट म्हणून येते.

17 जानेवारी 2025 रोजी 'सत्या' पुन्हा चित्रपटगृहांत लागला. तो पाहताना आपल्याला रडू आले आणि पुढच्या काळात आपण या कामाशी प्रामाणिक राहिलो नाही, अशी कबुली वर्मांनी जाहीरपणे लिहून दिली. ज्या प्रेक्षकांसाठी तो लागला त्यांतल्या अनेकांचा जन्म 1998 नंतरचा. त्यांनी तो ज्या मल्टिप्लेक्समध्ये पाहिला, त्यांतली काही लोअर परळच्या गिरण्यांच्या जागेवर उभी आहेत.