राजकीय दुहीच्या काळातील प्रार्थना : फिलिपाईन्सच्या ख्रिस्तसभेचा अनुभव

समाजात राजकीय दुही माजली की तिची झळ चर्चलाही लागते. एकाच मिस्साबलिदानात सहभागी होणारी कुटुंबे एकमेकांशी बोलेनाशी होतात. अशा वेळी प्रार्थना कशी करावी? बहुसंख्य कॅथलिक लोकवस्तीच्या फिलिपाईन्सचा अनुभव याबाबत आपणांस बोधप्रद वाटेल.

तेथे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी १९७२ साली लष्करी कायदा पुकारला. १९८३ मध्ये विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो यांची मनिला विमानतळावर हत्या झाली. ७ फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत त्यांच्या पत्नी कोराझोन मार्कोस यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. मतमोजणीतील गैरप्रकार पाहून महागुरूंच्या परिषदेने निवेदन काढले : लबाडीने मिळवलेल्या सत्तेला नैतिक अधिष्ठान नसते, मात्र प्रतिकार अहिंसक असावा.

२२ फेब्रुवारीला लष्करात बंड झाले. कार्डिनल हाईमे सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना बंडखोरांच्या रक्षणासाठी येण्याचे आवाहन केले. एड्सा महामार्गावर लाखो लोक जमले. धर्मभगिनी व प्रापंचिकांनी रणगाड्यांपुढे गुडघे टेकून पवित्र जपमाळेची प्रार्थना केली आणि समोरच्या सैनिकांना फुले व अन्न दिले. २५ फेब्रुवारीला मार्कोस देश सोडून गेले.

त्या जागी १९८९ साली पवित्र मरियेचे मंदिर उभे राहिले. परंतु दुही संपली नाही. २००१ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष एस्ट्राडा यांच्या विरोधात आणि एप्रिलअखेरीस त्यांच्या बाजूने लोक याच मंदिरापाशी जमले. २०२२ मध्ये तर मार्कोस यांचेच पुत्र राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. दोन्ही पक्षांचे भाविक एकाच मातेला शरण जातात, हे येथे ध्यानी घ्यावे.

ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. संत पौलानेही तिमथ्याला राजे व अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले होते. आजही मिस्सातील विश्वासूंच्या प्रार्थनेत राज्यकर्त्यांसाठी विनंती असते. ती आपण मत दिलेल्या नेत्यापुरती मर्यादित नाही.

अन्यायाला अन्याय म्हणणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु आपल्या पक्षाचा विजय मागण्यापूर्वी विरोधी मताच्या शेजाऱ्याचे नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करूया. रणगाड्यापुढे गुडघे टेकणाऱ्यांनी आतल्या सैनिकाला आपला भाऊ मानले होते, हे आपण विसरू नये.