गोवा सुटला, रानडे आतच राहिले

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं. शिक्षक ती ओळ सांगतो, मुलं लिहून घेतात आणि धडा पुढे सरकतो. माझ्या वर्गात मात्र एकदा एका मुलीने विचारलं, "सर, मग तुरुंगातले सगळे घरी आले का?" प्रश्न साधा होता. उत्तर मात्र साधं नाही, कारण सगळे आले नव्हते.

मोहन रानडे मूळचे सांगलीचे. खरं नाव मनोहर आपटे. नाव बदलून ते गोव्यात गेले आणि मराठी शिकवू लागले. शिक्षकी पेशा हे एक निमित्त होतं. आझाद गोमंतक दलाचं काम हे खरं कारण. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी झाले आणि पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची. पुढे त्यांची रवानगी थेट पोर्तुगालमध्ये, लिस्बनजवळच्या काशियस किल्ल्यात झाली. सहा वर्षं एकांत कोठडीत गेली.

आता गंमत पाहा. गोवा घेतल्यावर भारताच्या हाती ३,००० हून अधिक पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी म्हणून आले. मे १९६२ मध्ये ते आपापल्या घरी परतले. ज्यांनी गोवा राखायचा ते सुटले. ज्याने तो सोडवण्यासाठी गोळी झेलली, तो परक्या देशातल्या किल्ल्यात राहिला. पोर्तुगालच्या लेखी रानडे युद्धकैदी नव्हतेच, शिक्षा झालेले गुन्हेगार होते. शिवाय दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९५५ मध्येच तुटलेले. ते पुन्हा जुळले १९७४ च्या अखेरीस. म्हणजे अर्ज द्यायचा तरी कोणत्या दारात?

परदेशात कैद झालेल्या माणसाच्या घरच्यांची हीच अडचण असते. आपल्या सरकारच्या कामांच्या यादीत तो माणूस खाली खाली जात राहतो. तिकडच्या सरकारला त्याला सोडण्याची घाई नसते. उरतात ती घरची माणसं आणि त्यांची चिकाटी. पंजाबातल्या दलबीर कौर आठवून पाहा. भाऊ सरबजीतसिंग १९९० पासून पाकिस्तानच्या तुरुंगात होता आणि त्याच्या डोक्यावर फाशी टांगलेली. ही बहीण वर्षानुवर्षं मंत्र्यांचे उंबरे झिजवत राहिली. २०१३ मध्ये तुरुंगातल्या मारहाणीनंतर लाहोरच्या रुग्णालयात तो गेला आणि घरी आला तो मृतदेह. सगळ्याच लढ्यांना यश येतं असं नाही, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

रानड्यांच्या बाबतीत घरच्यांची जागा रक्ताचं नातं नसलेल्यांनीही घेतली. सुधीर फडके हे नाव आपण गाण्यांसाठी घेतो. दादरा-नगर हवेलीच्या १९५४ च्या मुक्तिसंग्रामात हेच बाबूजी उतरले होते. रानड्यांच्या सुटकेसाठी विमोचन समिती उभी राहिली, तिच्यामागेही त्यांची खटपट होती. गोवा मुक्त होऊन गेलेला, सत्कार-समारंभ आटोपलेले; अशा वेळी एका कैद्याचं नाव लोकांपुढे पुन्हा पुन्हा आणत राहायचं, हे काम कंटाळवाणं असतं. त्याला टाळ्या मिळत नाहीत.

आणि शेवटी मदत आली ती अगदी अनपेक्षित दिशेने. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुरै १९६८ मध्ये परदेश दौऱ्यावर असताना व्हॅटिकनला गेले. पोप सहावे पॉल यांची भेट झाली, तेव्हा त्यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी पोर्तुगालकडे शब्द टाकण्याची विनंती केली. कुठला तामिळनाडू, कुठला सांगलीचा मराठी शिक्षक! त्याच वर्षी सालाझार आजारी पडून सत्तेवरून गेला आणि कायतानो आला. नेमकं कशामुळे घडलं, कोणाचं वजन किती पडलं, हे तागडीत तोलता येणार नाही. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. गोवा सुटून सात वर्षं उलटली होती.

त्या वेळी मी कॉलेजात होतो. रानडे सुटल्याचा आनंद झालाच, पण ते इतकी वर्षं आत होते याचं आश्चर्य अधिक वाटलं. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी अण्णादुरै वारले. ज्याच्यासाठी शब्द टाकला तो माणूस सुटल्याचं त्यांच्या हयातीतच घडलं, एवढं समाधान.

रानड्यांना २००१ मध्ये पद्मश्री मिळाली. २५ जून २०१९ रोजी पुण्यात ते गेले. त्यांचं शौर्य मोठंच होतं, पण मला त्या सात वर्षांचा विचार अधिक छळतो. देश मोकळा झाल्याची तारीख आणि त्यासाठी झटलेला शेवटचा माणूस घरी परतल्याची तारीख, या दोन वेगळ्या तारखा असतात. पुस्तकात पहिली छापतात. दुसरीसाठी कोणीतरी घरचं, किंवा घरच्यासारखं, माणूस झटत असतं. त्या मुलीला मी दोन्ही तारखा सांगितल्या. तिने दुसरी वहीच्या समासात लिहून घेतली.