हंगामापूर्वीचा अंदाज आणि हौशी संघाची शोकांतिका : मेलबर्न विद्यापीठ, १९०८ ते १९१४ (थ्रेड)

१/
हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक संघाच्या भवितव्याचा अंदाज बांधला जातो. जुने कोण परतले, कोण सोडून गेले, नवे कोण आले, याचा हिशेब मांडला जातो. ज्या संघातील खेळाडूंना एक पैसाही मिळत नाही, त्याच्या बाबतीत हा हिशेब कसा मांडायचा? ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या इतिहासात या प्रश्नाचे एक बोलके उत्तर सापडते. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
प्रथम खेळाची ओळख. १८५८ मध्ये टॉम विल्स या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहिले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्तावू नये, यासाठी फुटबॉलचा क्लब काढावा, अशी त्याची सूचना होती. मे १८५९ मध्ये मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले. लंबगोल चेंडू, क्रिकेटचे विस्तीर्ण मैदान आणि ऑफसाइडचा अभाव ही या खेळाची लक्षणे. म्हणजे हा खेळ जन्मला तोच क्रिकेटच्या अंगणात, आणि केवळ हौसेपोटी.

३/
ही हौस फार काळ निर्मळ राहिली नाही. मेलबर्नच्या उपनगरांत क्लब उभे राहिले आणि शनिवारी दुपारी हजारोंची गर्दी जमू लागली. गर्दीबरोबर तिकिटाचा पैसा आला. १८९६ मध्ये आठ बलाढ्य क्लबांनी जुनी संघटना सोडून ‘व्हिक्टोरियन फुटबॉल लीग’ स्थापन केली आणि १८९७ मध्ये तिचा पहिला हंगाम झाला. खेळाडूंना पैसे देण्यास मनाई होती, परंतु आडमार्गाने पैसे दिले जातात हे उघड गुपित होते.

४/
दुसऱ्या बाजूला १८९२ पासून मेलबर्नमध्ये एक निराळी संघटना चालत होती. आज ती ‘व्हिक्टोरियन अमॅच्युअर फुटबॉल असोसिएशन’ या नावाने ओळखली जाते. खेळासाठी मोबदला घ्यायचा नाही, हे तिचे तत्त्व. मेलबर्न विद्यापीठाचा संघ तेथूनच पुढे आला. १९०८ मध्ये लीगने दोन नव्या संघांना प्रवेश दिला : एक रिचमंड, दुसरा विद्यापीठ. आठांचे दहा झाले.

५/
१९०८ च्या त्या हंगामापूर्वी विद्यापीठाच्या बाजूने काय होते? तरुण, सुशिक्षित, चपळ खेळाडू होते. प्रतिष्ठित शाळांच्या मैदानांवर घडलेले विद्यार्थी दरवर्षी आपोआप येणार होते. आणि विरुद्ध काय होते? संघात खेळण्यासाठी विद्यापीठाशी शैक्षणिक नाते असणे आवश्यक होते. इतर क्लब गल्लीबोळांतून आणि दूरच्या गावांतून खेळाडू हेरत असताना या संघाची निवड मात्र एका आवारापुरती सीमित होती.

६/
तरीही आरंभ आश्वासक होता. पहिल्या तीन हंगामांत ५४ सामने झाले आणि त्यांपैकी २५ विद्यापीठाने जिंकले. १९१० मध्ये तर १८ पैकी १० विजय मिळाले. आपण १९११ च्या मार्चमध्ये मेलबर्नमध्ये असतो आणि आपल्याला अंदाज विचारला असता, तर ‘यंदा पहिल्या चारांत’ असे आपणही बिनदिक्कत सांगितले असते. आलेख चढता होता आणि लीगमधील प्रत्येक वर्षाचा अनुभव गाठीशी जमा होत होता.

७/
प्रत्यक्षात १९११ मध्ये एकच विजय मिळाला. १९१२ मध्येही एकच. १९१३ आणि १९१४ या दोन्ही वर्षी शून्य. सलग ५१ पराभव! चारही वर्षे संघ तळाला राहिला. लीगमधील त्याची एकूण कारकीर्द १२६ सामन्यांची : २७ विजय, ९७ पराभव, २ बरोबरीत. अवघ्या एका वर्षात चित्र एवढे कसे पालटले?

८/
पहिले कारण पैशाचे. १९११ मध्ये लीगने खेळाडूंना मोबदला देण्यास अधिकृत मान्यता दिली. काल जे चोरून चालत होते ते आज राजरोस सुरू झाले. विद्यापीठाने मात्र आपले हौशी व्रत सोडले नाही. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. विद्यापीठाचा संघ एकाएकी दुबळा झाला नव्हता, त्याच्या भोवतीची स्पर्धा बदलली होती. मोबदला मिळणारा खेळाडू सरावाला चुकत नाही आणि त्याचा क्लबही त्याला सहजासहजी सोडत नाही.

९/
दुसरे कारण विद्यापीठाच्या स्वभावातच होते. संघात वैद्यकीय विद्यार्थ्यांचा भरणा मोठा. त्यांना व्याख्याने, रुग्णालयातील कामे, परीक्षा चुकवता येत नसत. पदवी मिळाली की डॉक्टर झालेला खेळाडू नोकरीसाठी दूर गावी जाई. इतर संघांत चोविसाव्या वर्षी खेळाडू ऐन बहरात येतो, येथे त्याच वयात तो निरोप घेई. विद्यापीठाचे यश हेच संघाचे अपयश ठरत होते. जितके विद्यार्थी उत्तीर्ण, तितके खेळाडू कमी.

१०/
पण हरणारा संघ म्हणजे सुमार खेळाडूंचा संघ नव्हे. रॉय पार्क हा वैद्यकीय विद्यार्थी याच पडत्या काळातील नामवंत आक्रमक खेळाडू. १९११ पासून विद्यापीठाचे घरचे सामने ‘एमसीजी’वर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर होत. त्याच मैदानावर १९२०-२१ च्या मालिकेत डॉ. पार्क इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला. पुन्हा त्याला संधी मिळाली नाही. विणकाम करणारी त्याची पत्नी खाली पडलेला लोकरीचा गुंडा उचलण्यासाठी वाकली आणि तेवढ्यात पतीची संपूर्ण कसोटी कारकीर्द पाहायची राहून गेली, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

११/
आता एका सर्रास होणाऱ्या चुकीविषयी. ‘पहिल्या महायुद्धामुळे विद्यापीठाचा संघ संपला’ असे सहज म्हटले जाते. कालक्रम तपासा. पराभवांची मालिका १९१२ मध्ये सुरू झाली. युद्ध पेटले ऑगस्ट १९१४ मध्ये, म्हणजे संघाचा अखेरचा हंगाम संपत आला असताना. त्या हंगामानंतर विद्यापीठाने लीग सोडली. युद्ध आले नसते तरी हौशी संघाला त्या स्पर्धेत फार काळ तग धरणे अवघड होते. घटना लागोपाठ घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, आणि येथे तर क्रमच उलटा आहे.

१२/
युद्धाने जे नेले ते निराळे होते. या संघातून खेळलेला रुपर्ट बाल्फ २५ एप्रिल १९१५ रोजी, गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले त्याच दिवशी, मारला गेला. विद्यापीठाचे इतरही अनेक खेळाडू परतले नाहीत. १९१६ मध्ये तर खुद्द लीगमध्ये चारच क्लब खेळायला उरले होते. १९१४ च्या एप्रिलमध्ये ज्यांनी ‘यंदा कोण कोण उपलब्ध’ अशी यादी केली असेल, त्यांच्या मनात दुखापत, परीक्षा, बदली हेच शब्द असणार. मृत्यूचा रकाना त्या यादीत नव्हता.

१३/
म्हणूनच हंगामापूर्वीचे अंदाज हे इतिहासाचे मोलाचे साधन आहे. ते खरे ठरले की खोटे, हा प्रश्न गौण. त्या क्षणी माणसांना भविष्य कसे दिसत होते, हे ते सांगतात. आपल्याला शेवट ठाऊक असतो, म्हणून ५१ पराभव आपल्याला अटळ वाटतात. त्यांतील प्रत्येक शनिवारी मैदानात उतरणाऱ्या १८ जणांना मात्र ते अटळ वाटत नव्हते, अन्यथा एक छदामही न घेता ते उतरलेच नसते.

१४/
युद्धानंतर विद्यापीठाचा फुटबॉल पुन्हा हौशी संघटनेत परतला, तोही एक नव्हे तर दोन संघ घेऊन : ‘ब्लॅक्स’ आणि ‘ब्लूज’. जुन्या गणवेशातील काळा आणि निळा हे दोन रंग त्यांनी वाटून घेतले. ते दोन्ही संघ आजही खेळतात. दर उन्हाळ्याच्या अखेरीस सरावाला किती जण आले याची मोजणी होते आणि पदवी घेऊन कोण गेले, कोण परगावी गेले याचा हिशेब मांडला जातो. ज्या लीगने पैशाचा मार्ग धरला ती आज देशव्यापी व्यवसाय झाली आहे. परंतु हौशी खेळ संपला नाही, त्याने आपले योग्य घर शोधले.

१५/
जाता जाता एक प्रश्न तुमच्यासाठी. १९११ मध्ये विद्यापीठाने मोबदला देण्याचे मान्य केले असते, तर संघ कदाचित वाचला असता. पण मग तो विद्यापीठाचा संघ उरला असता का? तुमचे मत सकारण मांडा. थ्रेड समाप्त.