सुपारी आणि तिकीट

मराठी रंगभूमीच्या इतिहासांत नट भेटतात, कवी भेटतात, गाजलेल्या प्रयोगांच्या आठवणी भेटतात. प्रयोग विकला कसा गेला, हे मात्र क्वचितच वाचावयास मिळते. कलेच्या संदर्भात बाजाराचे नाव काढणे आपल्याकडे अशिष्ट मानले गेले, त्याचा हा परिणाम असावा. तमाशाच्या बाबतीत ही उणीव आम्हांस अधिक जाणवते.

ढोलकी फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो. आरंभीचे काही महिने फड गावोगाव कनाती लावून तिकिटावर खेळ करतो. फडमालक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कोणी नसते. गल्ला मालकाचा, तोटाही मालकाचाच. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की व्यवहार पालटतो. पुणे जिल्ह्यातील नारायणगावी, म्हणजे विठाबाईंच्या गावी, गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. यात्रा समित्यांचे पंच राहुटी-राहुटी हिंडतात. ताफा केवढा, नावाजलेले कलावंत कोण, वग कोणता, अशी विचारपूस होते, घासाघीस होते, विसार दिला जातो आणि सुपारी ठरते. (या सोज्ज्वळ शब्दाला पुढे मुंबईच्या गुन्हेगारांनी जो अर्थ चिकटवला, त्यात बिचाऱ्या तमाशाचा दोष नाही.) ज्या तिथीला अनेक गावांच्या जत्रा एकदम येतात तिचा भाव चढतो; उलट एखादी रात्र रिकामी गेली तर ती दुसऱ्या दिवशी विकता येत नाही.

संगीत बारीची रीत निराळी. तेथे पार्टी थिएटरात मुक्कामाला असते, प्रेक्षक थिएटरकडे येतो आणि उत्पन्नातला वाटा थिएटरमालकाकडे जातो. पुण्याचे आर्यभूषण किंवा चौफुल्याची कलाकेंद्रे यांचा व्यवहार असाच उभा राहिला.

आता प्रश्न वगाचा. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी यांच्यामागून येणारा वग आक्रसत गेला आणि चित्रपटगीतांनी रात्र व्यापली, याचे खापर आपण प्रेक्षकांच्या अभिरुचीवर फोडतो. आम्हांस हे निदान अपुरे वाटते. जत्रेत पाहणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा. पंचांना गर्दी हवी, जत्रा बिनबोभाट पार पडावयास हवी. वगाची संहिता कशी आहे, याची चौकशी त्यांनी का करावी? तिकिटाच्या खेळातही गाणी शिरलीच, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तेथे निदान वगासाठी आलेल्याचा पैसा वगासाठी आलेला असे.

तरीही सुपारीला नावे ठेवणे सोपे नाही. हंगामापूर्वी सावकाराकडून कर्ज काढून मालक कलावंतांना उचल देतो. ते कर्ज फिटते मुख्यत्वे जत्रांच्या पैशांतून. 2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. जत्रा रद्द झाल्या. पंचच येणार नाहीत, तर राहुट्या कोणासाठी उभारायच्या? आणि कनातीतही माणसे जमवता येत नव्हती. दसऱ्याची उचल मात्र केव्हाच वाटून झाली होती.