तळटीप : सांबराच्या चान्या

चान्या म्हणजे मांसाच्या उन्हात वाळवलेल्या लांब, पातळ पट्ट्या. बर्फ मिळत नसे, गाव दोन-तीन मुक्कामांवर. लांबची शिकार घरी पोचायची ती याच रूपात. जनावर पडल्यापडल्या पोट साफ करत, नाहीतर आतडी फुगून मांसाला वास लागे. चरबी काढून टाकत (ती आधी खवट होते), पट्ट्यांना मीठ-हळद चोळून त्या दोरीवर घालत. खाली धूर केला की माश्या फिरकत नसत. ताज्या मांसात जवळपास पाऊण भाग पाणीच, म्हणून ओझेही हलके होई. लेखकाने हे सारे ‘वाळवण’ या एका शब्दात उरकले आहे. वन्यजीव कायद्यातील १९९१च्या दुरुस्तीनंतर परवान्याची शिकारही संपली. आज सांबराचे मांस नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. – संपादक