खुराड्यांतील जुनें अंथरण

कोंबड्यांच्या खुराड्यांत काय अंथरावें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ओहायओ संस्थानाच्या कृषि-प्रयोगक्षेत्रावर त्याचा कसोशीनें विचार झाला. तोंवरचा शिरस्ता असा कीं, घाणींत रोग वाढतो, म्हणून पेंढा वा भुसा थोड्या थोड्या दिवसांनीं उपसून नवा घालावा. केनार्ड व चेंबरलिन या संशोधकांनीं तेंच अंथरण महिनोन्महिने राहूं दिलें. त्यावर नवी भर घातली व तें वरचेवर खालींवर केलें. नवल असें कीं, प्राणिज प्रथिनें नसलेल्या अपुऱ्या खाद्यावरचीं पिलें ताज्या अंथरणापेक्षां या जुन्यावर अधिक चांगलीं पोसलीं! अंथरणांतील सूक्ष्म जंतु जीवनसत्त्व निर्माण करीत, आणि कोंबड्या तें उकरून टिपीत. १९४८ सालीं शुद्ध स्वरूपांत हातीं आलेलें ब-१२ हें त्यांतील प्रमुख.

अर्थात् आळसाला ही सबब नव्हे. अंथरण ओलें राहिलें कीं अमोनियाचा उग्र दर्प सुटून पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात. यास्तव ओल शोषणारी, पण घट्ट न बसणारी वस्तूच निवडावी लागते. महाराष्ट्रांत ‘गादी पद्धत’ रूढ झाली तेव्हां भाताचें तूस, भुइमुगाचीं टरफलें आणि सुताराच्या रंध्याखालचा भुसा हीं त्या कामीं आलीं.